हललेला चेहरा

गेल्या वर्षी गावच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी दुसरीच्या वर्गाचा जुना फोटो टाकला. माझ्या धाकट्या बहिणीचा वर्ग. ती भूकंपात गेली आणि घरातले सगळे फोटो दगडमातीखाली गेले. हा एवढा वाचला, कारण गुरुजी उमरग्याला राहायचे आणि एक प्रत त्यांच्या घरी होती.

दोन दिवसांनी ईट गावाहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. फोटोत बहिणीच्या शेजारी बसलेली मुलगी त्यांची भाची. त्या घरातलं कुणीच वाचलं नव्हतं.

"आमच्याकडं तिचा एकबी फोटो न्हाय, ताई. तेवढीच मोठी करून मिळंल का?"

मिळेल म्हणाले. मोठी केलेली होतीच. तीस वर्षं ती आमच्या भिंतीवर हार घालून होती, माझी बहीण म्हणून.

भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होते. आई पाय मोडून सोलापूरला दवाखान्यात. गुरुजींकडून फोटो घेऊन वडील मला उमरग्याच्या एका स्टुडिओत घेऊन गेले. फोटोग्राफरनं भिंग लावून पाहिलं.

"हिचा नाही निघायचा. ऐन वेळी मान फिरवलीय पोरीनं."

बहिणीच्या चेहऱ्याच्या जागी पांढरट फराटा होता. वडील काउंटरला धरून उभे राहिले. मग त्यांनी बोट शेजारच्या मुलीवर सरकवलं.

"ही करा."

मी त्यांच्याकडं पाहिलं. "तुझ्या आईला काय तरी दिसाय पायजे," एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर मला भजी घेऊन दिली. मी खाल्ली.

फोटोग्राफरनं ब्रशनं भुवया कोरल्या, केस काळे केले. आई घरी आली, फोटो हातात घेऊन म्हणाली, "अशी कशी दिसती?"

"मोठं केल्यावर तसंच हुतंय," वडील म्हणाले.

त्यावर वडील आणि मी कधी बोललो नाही. वडील गेले तेव्हाही ते तसंच राहिलं. दर सर्वपित्री अमावस्येला आई त्या फोटोपुढं पान वाढायची. बहिणीला आवडायचे म्हणून धपाटे वेगळे करायची, कमी तिखटाचे.

आता फोटो द्यायचा तर आईला सांगणं भाग होतं. शनिवारी धाराशिवहून गावी गेले आणि सांगून टाकलं. स्टुडिओ, फराटा, वडिलांचं बोट, सगळं.

आई गवार मोडत होती, मोडत राहिली. मग म्हणाली, "देऊन टाक त्यांना. लेकरू त्येंचं हाय."

"हो."

"आन् आपलीला इतकी वरसं कुणी वाढलं, बाई?"

गवार निवडून झाल्यावरही आई तिथंच बसून होती.

सोमवारी बहिणीच्या फोटोसाठी धाराशिवला स्टुडिओत गेले. तिथला माणूस स्क्रीनवर फोटो मोठा करत गेला.

"ताई, ह्यात चेहराच नाही. कॉम्प्युटरवर नवा बनवून देऊ का? कुणाला कळणार नाही."

"नको. आहे तसाच काढा."

तसाच काढून घेतला. दोन रिबिनी, शाळेच्या झग्याची कॉलर, आणि मधे फराटा. अमावस्येला आईनं त्याच्यापुढं पान मांडलं आणि चष्मा पुसून जवळून पाहिलं.

"व्हय, हीच. एका जागी बसायची न्हाय कदी."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. नंतर ईटच्या बाईंचाही फोन येऊन गेला. त्यांच्या घरी फोटो लागला होता.

दोन्ही घरचं काम झालं. पण मी बहिणीला आठवायला जाते तेव्हा दुसरीच मुलगी समोर येते, कोरलेल्या भुवयांची, ताठ बसलेली. तिला बाजूला सारलं की मागं काहीच नसतं. खरा चेहरा माझ्याकडून कधी गेला ते मला सांगता येत नाही.

आई अधूनमधून विचारते, "तुला आठवती का गं ती?"

मी हो म्हणते.