तर्री नसलेलं वांगं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, मठात गुरूंपुढे डोकं टेकलं तेव्हाही नाही. तुम्ही तरी का ऐकावं? पण आता पोटात राहत नाही — आणि तुम्ही मला ओळखत नाही, तेवढंच बरं आहे.

वांग्यापासून सुरू करते. हसू नका.

लग्नाआधी मी परभणीला गृहविज्ञानाचं एक वर्ष केलं होतं. तिथं बाईंनी ग्रीस देशातला एक पदार्थ शिकवला — वांग्याचे काप तळायचे, मधे खिमा, वर दूध-मैद्याचा जाड थर, आणि भट्टीत भाजायचं. आम्ही लिंगायत, खिम्याच्या वासानंच मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. कृती मात्र वहीत उतरवून घेतली. पुढं मला बोरीला दिलं आणि ती वही पेटीत कपड्यांखाली तशीच राहिली.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं एसटी दर चार दिवसांनी बंद पडायची, ती वर्षं. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हृदयाचा झटका येऊन गेला होता. परभणीच्या डॉक्टरांनी तेल बंद केलं. करडईच्या घाण्यावर जन्म काढलेला माणूस — भरल्या वांग्यावर बोटभर तर्री नसेल तर ताट सरकवायचे. घरची चूल अक्कांकडे, माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे. त्या बिनतेलाचं करून करून थकल्या. मामंजी वाळायला लागले.

मग मी पुढं झाले. शिकलेली सून ना मी! खिम्याच्या जागी मोडाची मटकी घेतली, दूध-मैद्याच्या जागी ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ. काप तव्यावर कोरडेच भाजले, पातेल्यात थर लावले, झाकणावर निखारे ठेवले. दिसायला झकास. मामंजींनी एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि काढून ताटाच्या कडेला ठेवला. आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या की बघा शहाणीचं शिक्षण.

एवढंच झालं. एवढ्यावरून माणूस असं करतं का?

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का गोठ्यात होत्या, आत्याबाईंचा डोळा लागला होता. मी काप तळले. चांगले बुडवून, लाल होईपर्यंत. कढई राखेनं दोनदा घासली. वांगं तेल पितं, ठाऊकच असेल तुम्हाला. ते सगळं तेल मटकीखाली, पिठाच्या थराखाली गडप झालं. वर एक ठिपका नाही. आणि आमच्या घरी तेल ओळखायचं ते तर्रीवरून — तर्री नाही म्हणजे तेल नाही.

मामंजी पहिल्याच घासाला थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. घाण्यावरच्या माणसाला करडईचं तेल कळणार नाही? मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लय हलकं झालंय. रोज करत जा."

रोज केलं. शेजारच्या बायका कृती विचारायला आल्या, त्यांना तळणं सोडून सगळं सांगितलं. आणि रोज भ्याले. मामंजींनी छातीवर हात ठेवला की भीती, नुसता ढेकर दिला तरी भीती. थांबावं? थांबले तर ताट परत येणार, आणि कालपर्यंतच्या वांग्यात काय होतं ते उघडं पडणार. म्हणून तळत राहिले. मी माझ्या अब्रूला जास्त भ्याले, त्यांच्या जिवाला कमी — लिहायला नको वाटतं, पण तसंच होतं.

आत्याबाई दर सोमवारी तेलाची बरणी स्वतः भरून द्यायच्या. ती आठवडाभर पुरायची. त्या आठवड्यात शुक्रवारीच तळाला गेली. मामंजींना अक्कांच्या हातची कांदाभजी आवडायची, हे सगळ्या गल्लीला माहीत. आत्याबाईंनी अक्कांना मामंजींच्या बाजेसमोरच उभं केलं — चोरून भजी घालतेस ना त्यांना?

अक्कांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. आमच्यात याहून मोठी शपथ नाही. "म्या न्हाई दिलं काही. लिंगाची आन हाय."

"वर खोटी आन बी घेतीस?" आत्याबाई म्हणाल्या.

मी दारात होते. मामंजी बाजेवर. खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक. मामंजींनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी पदर तोंडाशी धरला. ते आजारी होते, मी नव्हते. बोलायचं मी होतं.

अक्कांची चूल गेली, माझ्या हाती आली. आता घाण्यावरून तेल आणलं तरी मला विचारणारं कुणी नव्हतं. आणि मी काय केलं? तळत राहिले.

दोन महिन्यांनी एका सकाळी मामंजींना पुन्हा झटका आला. एसटी बंद होती. जीपची वाट बघता बघताच ते गेले. तेलानं गेले का? मला माहीत नाही. घरानं मात्र ठरवून टाकलं की अक्कांच्या भज्यांनी गेले. आमच्यात पुरायच्या आधी बसवतात, तसं मामंजींना बसवून, फुलं घालून सजवलं होतं. सगळ्या सुना पाया पडल्या. अक्का पुढं झाल्या तेव्हा आत्याबाईंनी त्यांचा हात धरून मागं ओढलं. मी तेव्हा मामंजींच्या पायाशीच बसले होते. मला सरकायलाही सुचलं नाही.

नंतरची सगळी वर्षं अक्कांनी शेण काढलं, धुणी धुतली. आत्याबाई गेल्या, तरी चूल माझ्याकडंच. परत द्यायला कोण अडवत होतं? कुणी नाही. पण दिली असती तर अक्कांनी विचारलं असतं, आता का गं? त्या प्रश्नाला मी भ्याले.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी अक्कांचंही तेल बंद केलं. मला हाक मारून म्हणाल्या, मामंजींना करायचीस तसं हलकं वांगं कर की मला. मी केलं — काप कोरडे भाजून, तेलाचा थेंब न घालता. त्यांनी दोन घास खाल्ले. पाणी प्याल्या.

"शैला, मामंजी रोज कसं खात व्हते गं हे?"

मी म्हणाले, "आजारी माणसाला भूक असती, अक्का."

त्यांनी मान डोलावली आणि उरलेलं सगळं संपवलं. मी केलं होतं म्हणून.

त्या आता आतल्या खोलीत पडल्या आहेत. मी इथं ओसरीवर बसून लिहिते आहे. मघाशी त्यांनी विचारलं, काय लिहायलीस? मी म्हणाले, काही नाही. अक्कांना वाचता येत नाही. येत असतं तर मी हे लिहिलं नसतं.