शून्यावरची रेघ

मी इंग्रजीची मास्तरीण आहे आणि इंग्रजीला भिते. औंधच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात पोरं मला भितात, त्या गडबडीत माझी भीती झाकून गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मी एकोणीस वर्षं झाकून ठेवली.

भीती जुनी आहे. माझं माहेर पलूसजवळ. तिथं आठवीला आम्हाला एक सर होते. ते इंग्रजी क्रियापदांच्या दोन याद्या पाढ्यासारख्या म्हणून घ्यायचे. पहिल्या यादीतल्या क्रियापदांपुढच्या शब्दाला आयएनजी लागायचं: एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड. दुसऱ्या यादीपुढे टू यायचा: वाँट, होप, डिसाइड. सर एखादं क्रियापद फेकायचे आणि बोट दाखवायचे. आपण उभं राहून ‘आयएनजी’ नाहीतर ‘टू’ एवढंच म्हणायचं. चुकलं की पट्टी, तीही उभी, बोटांच्या पेरांवर. असं का, हे विचारायची सोय नव्हती. सरांनाही ते ठाऊक नसावं, असं आता वाटतं. कंटिन्यू हे क्रियापद आयएनजीच्या यादीत होतं. मी एकदा त्याला टू म्हणाले आणि त्या दिवशी जेवताना मला भाकरी मोडता येईना. त्यानंतर कंटिन्यू मी कधी चुकले नाही. स्वतः शिकवायला लागले तेव्हा त्याच दोन याद्या पोरांकडून म्हणून घेतल्या, फक्त पट्टी वगळली.

आता वडिलांचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या तुकडीत होते. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत होऊ नये म्हणून ते शून्यावर तिरकी रेघ मारायचे. निवृत्त होऊन घरी आले तरी ती सवय गेली नाही, उलट आम्हा सगळ्यांना लागली. आमच्या घरात फोन नंबर असो की गॅसचा नंबर, शून्य रेघेचंच. लग्न होऊन मी औंधला आले तेव्हा ती रेघही माझ्याबरोबर आली.

गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागला आणि आठवड्याभराने माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, सकाळच्या गाडीने विट्यावरून आली. तिला नर्स व्हायचं होतं. वडील शेवटचे लष्करी दवाखान्यात होते तेव्हा ही पोरगी पंधरा दिवस त्यांच्या उशाशी बसली होती. तिथल्या नर्सबाई बघून तिने ठरवलेलं, आणि तिचं ठरलं की ठरलं. तिला हव्या त्या कॉलेजला इंग्रजीत पन्नास गुण लागत होते. हिला एकोणपन्नास पडले.

“पेपरची झेरॉक्स मागवलीया आत्या,” ती पायऱ्या चढता चढताच म्हणाली. “परत तपासायला द्यायचा तर इंग्रजीच्या शिक्षकाचं मत लिवून लागतंय. आमचं सर सुट्टीला गावाला गेल्यात. ते म्हणाले, दुसऱ्या कुणाचंबी चालंल. उद्या शेवटची तारीख हाय.”

“मग आण की हिकडं. आत्या कशाला हाय?” मी ऐटीत म्हणाले. चष्मा लावला, लाल पेन काढलं, आणि पहिलंच पान उलटलं.

समासात शून्य होतं. त्यावर तिरकी रेघ होती.

मी दुसरं पान पाहिलं. चुकीच्या शब्दाखाली दोन आखूड रेघा, तशा मी मारते. शेजारी माझा चार, माझा दोन. मार्चमध्ये सांगलीकडचे गठ्ठे आमच्याकडे तपासायला आले होते. नावाच्या आणि नंबराच्या जागी बारकोड चिकटवलेला असतो, कोणाचा पेपर कोणाकडे गेला ते ब्रह्मदेवालाही कळू नये. माझ्या भाचीचा पेपर माझ्याच जेवणाच्या टेबलावर येऊन गेला होता.

भाची बोट ठेवून दाखवत होती. “ह्यो बघ. म्हातारा चालतच राहिला, असं वाक्य हाय. कंटिन्यूड टू वॉक लिवलंय मी. शून्य दिलंय. सर म्हणत्यात दोनीबी बरुबर, टू वॉकबी आन् वॉकिंगबी.”

“सरांना काय कळतंय,” मी म्हणाले. माझ्या तोंडून आठवीचे सर बोलले. तरी उठले, कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला आणि तिच्याकडे पाठ करून उभ्या उभ्याच पान शोधलं. कंटिन्यूपुढे दोन्ही रूपं दिली होती, एकाखाली एक. अर्थामध्ये काही फरक नाही. मी ते तीनदा वाचलं. एकोणीस वर्षांत किती पोरांचा तो एक गुण मी खाल्ला असेल, हे मनात आलं आणि मी पुस्तक मिटलं.

मग खरी भीती आली. तपासणीच्या आधी आम्हाला एका कागदावर सही करावी लागते की आपलं कोणी जवळचं नातेवाईक यंदा परीक्षेला नाही. माझी मुलगी अजून नववीत, म्हणून मी न वाचता सही ठोकली होती. भाची बारावीला आहे हे मला ठाऊक होतं. पेपरच्या आदल्या दिवशी फोन करून दहीसाखर खाऊन जा म्हणून मीच सांगितलं होतं. आता हे उघडकीला आलं तर? खोटी सही म्हणतील. आत्याने भाचीचा पेपर तपासला म्हणतील. गुण कापले म्हणून कोणी कौतुक करणार नाही, संगनमत म्हणायला लोकांना एवढंसं पुरतं. नोकरीचं काय होईल, वर्गात पोरं कशी बघतील, भावाला काय तोंड दाखवू. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ती म्हण आमची आई भांडणात वापरायची. ती मला लागू पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

भाची चहा करायला आत गेली. मी फेरतपासणीचा फॉर्म पुढे ओढला आणि मत लिहिलं: उत्तर बरोबर आहे, एक गुण द्यावा. इथवर ठीक होतं, ते कोणत्याही शिक्षकाने लिहिलं असतं. खाली रकाना होता, एकूण किती गुण हवेत. मी पाच काढला. मग शून्य काढलं, गोल आणि रिकामं. रेघ मारायला हात आपोआप वळला, तो मी धरला. चोराच्या मनात चांदणं. हा फॉर्म आणि ती उत्तरपत्रिका एकाच टेबलावर येणार, दोन्ही शून्यं शेजारी शेजारी पडणार, असं मला डोळ्यासमोर दिसत होतं.

भाचीने कप ठेवला आणि फॉर्म उचलला. सावकाश वाचला. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाली, “आत्या, आज रेघ मारायची इसरलीस व्हय?”

मला वाटलं हसून काहीतरी सांगावं, नवं पेन आहे म्हणावं. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, “झेरॉक्स आली तवाच वळखलं हुतं मी. आजोबांचं शून्य.”

“घरात कुणाला बोललीस?”

“न्हाई.”

“तुज्या सरांना?”

“न्हाई म्हनलं की.”

मला तिची भीती वाटली, खरंच सांगते. अठरा वर्षांची पोर, माझ्या हातचे लाडू खाऊन मोठी झालेली, आणि ती समोर बसून चहावरची साय बोटाने बाजूला करत होती. काही मागत नव्हती, रागावलीही नव्हती, नुसती थांबली होती.

मी फॉर्म परत घेतला आणि शून्यावर रेघ मारली. रेघ वाकडी आली. मग एका कोऱ्या कागदावर लिहिलं की ही उत्तरपत्रिका मी तपासली आहे, विद्यार्थिनी माझी भाची आहे, हे तपासताना मला माहीत नव्हतं, आणि गुण देण्यात चूक माझी आहे. एवढ्या चार ओळींना चहा गार झाला.

पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते. तिचे पन्नास झाले, प्रवेश मिळाला. मला खुलासा विचारला, मी तोच लिहून दिला. तपासणीच्या यादीतून माझं नाव गेलं. त्यापलीकडे अजून काही आलेलं नाही, पण शिपाई रजिस्टर घेऊन दारात उभा राहिला की फळ्यावरचा माझा हात आजही थांबतो. कंटिन्यूबद्दल वर्गात मी चुकीचं शिकवत होते, हे पोरांना सांगितलं. मागच्या बाकावरचा एकजण हसला. बाकीचे गप्प बसले, ते मला जास्त लागलं.

पण त्या दिवशीचं राहिलं. दुपारी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. विट्याची गाडी लागली होती. दोन्ही कागद तिच्या पिशवीत होते आणि मला सारखं वाटत होतं की माझा तरी कागद परत मागून घ्यावा. अजून वेळ होता. ती खिडकीशी बसली, मी खाली उभी. शेवटी न राहवून विचारलं, “मी रेघ मारली नसती तर काय केलं असतंस गं?”

तिने थोडा विचार केला. “काय न्हाई. कुणाला सांगितलं नसतं,” ती म्हणाली. “पर परत तुज्याकडं आले नसते.”

गाडी सुटली. पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. मी तिथंच उभी राहिले, आणि माझा कागद परत मागितला नाही.