नाड्यावरचा अर्धा उतार

माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला नीट कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागून ठेवते, म्हणजे हात मोकळा होतो.

संक्रांत नुकतीच झाली होती. मळ्यात ओल्या चामड्याचा आणि मेथीचा वास कोवळ्या उन्हात मिसळून गेला होता. पुरुषमाणसे भाजी घेऊन कामरगावच्या बाजाराला गेलेली, आणि मोट हाकायला मी व माहेरी आलेली माझी नणंद सुंदरा अशा दोघीच उरलेल्या. बैल धावेच्या उतारावरून उतरू लागले की पाण्याने भरलेली चामड्याची मोट विहिरीतून वर येते, तिला बांधलेला जाड दोर, नाडा, ताठ होतो, आणि हाकणारा त्या नाड्यावर बसून उतार उतरतो. सुंदराही तशीच बसे, पदर खोचून, हसत.

"बस नं वयनी! खालपर्यंत गेली तं मी दोन आणे देतो. नाई तं तू दे."

"मले भेव लागते, बाई. नाडा तुटला तं?"

"कायचं भेव? बैल काय तुले सासरी नेऊन राह्यले? सासरीच तं हायेस!"

मी बसले. सुंदराने बैल हाकले. पाय जमिनीवरून सुटले, पाठीला विहिरीचा गारवा लागला, अंग हलके झाले, आणि अर्ध्या उतारावर मी उडी टाकली.

"उतरली म्हंजे हारली. काढ दोन आणे!"

लेकराचा ताप, उन्हाळ्यात तळाला गेलेले पाणी, यांची भीती मला न विचारता घरात आली आणि घरच्यासारखी राहिली. तिनेच मी थकले आहे. नाड्यावरची भीती मात्र मी स्वतः उचलली होती, आणि तेवढा अर्धा उतार मला थकवा नव्हता. मग उडी का टाकली? हलके वाटण्याची सवयच राहिली नसावी.

पुढल्या संक्रांतीला, कोथिंबिरीच्या जुड्या विकून साठवलेले दोन आणे मी सुंदराच्या हातावर ठेवले. धावेवर मोट चालू होती.

"फिटलं सारं," ती म्हणाली, "आता बसशील तं फुकट बसशील."

पैसे मुठीत धरून ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी ताठ होत चाललेल्या नाड्याकडे.