तुजं झाड बेस हाय

अंजूरच्या खाडीकाठी भेटणारी ती म्हातारी चिखलात तिवरांची रोपं लावायची आणि प्रत्येक रोपाला गावातल्या एका जिवंत माणसाचं नाव द्यायची. वाटेत कुणी दिसलं की ती त्याची तब्येत विचारत नसे. "तुजं झाड बेस हाय," एवढंच सांगायची. लोक आधी हसले. मग चोरून आपापलं झाड बघून यायला लागले, त्याच्याभोवतीचं प्लास्टिक काढायला लागले. झाडं वाढली, तसं उधाणाचं पाणी शेतात शिरायचं कमी झालं.

एकदा गोदामासाठी खाडीत भराव टाकणाऱ्या जमीनमालकाच्या डंपरपुढेच तिनं रोप खोचलं. "ह्यो तू," ती त्याला म्हणाली. "टाक आता माती."

तो हसला. ड्रायव्हरला खूण करायला त्यानं हात वर केला आणि तो हात तसाच राहिला. डंपर भरलेलाच मागे फिरला.

त्या दिवशी तिच्यासोबत घरी परतताना मी विचारलं, "मावशी, तुझ्या नावाचं झाड कुठाय?"

तिनं खाडीच्या मोकळ्या पाण्याकडे बोट केलं. "ते मागल्या पावसात व्हावून गेलं ना."

ती पुढे चालत राहिली. मी मात्र तिच्यामागे जायचा थांबलो.