खरी ती कोण, बाई?

माझी कादंबरी छापून आली तेव्हा मला वाटलं होतं, गावात कोण वाचतंय. आमच्या अणदुरात पेपर उघडतात ते मयताच्या आणि बाजारभावाच्या बातम्यांसाठी. पण झालं भलतंच. मी गावातल्या शाळेत शिकवते. आधी माझ्या वर्गातल्या पोरींनी पुस्तक घरी नेलं, मग आयांनी ते पोरींच्या हातातून काढून घेतलं, आणि पुढं ते शेतात, एसटीत, कुठं कुठं फिरलं कोण जाणे. मुरुमहून एका बाईचा फोन आला, ती काही न बोलता रडलीच. ढोकीच्या एका पोरानं मेसेज केला की मॅडम, शेवट बदला, त्या दोघांची गाठ घाला, माझा अभ्यास होईना झालाय. एका रिटायर्ड गुरुजींनी शाळेत येऊन सुनावलं, की पोरी आधीच हवेत आहेत, त्यात तुम्ही वरून वारा घाला. मी हसत होते. लई बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

फोन ठेवता ठेवता मात्र प्रत्येकजण तेच विचारी, खरी ती कोण, बाई? कुणी नाही हो, असं म्हटलं की समोरचं माणूस गालात हसायचं.

गोष्ट तशी साधी. बारावीतली मुलगी, तिच्याहून थोडा मोठा मुलगा. आमचा खंडोबा एकच, पण त्याची देवळं दोन. वर्षातले काही दिवस देव नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि अणदूरचं देऊळ ओकंओकं होतं. माझी दोघं तेव्हा त्या रिकाम्या देवळात बसून बोलतात. एक पेरू अर्धा अर्धा खातात. हाताला हातसुद्धा लागत नाही. देव परत येतो, वर्दळ सुरू होते, भेटी संपतात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. बाया दळणाचे डबे रांगेत लावून बाहेर बसतात. पुस्तक तिथं पोचलं आणि तिथंच कुणीतरी हिशेब मांडला. पुस्तकात देवळाजवळ पाण्याच्या टाकीचं काम चाललेलं आहे. टाकी झाली गेल्या साली. मग गेल्या साली देव नळदुर्गला असताना देवळात कोण बसत होतं? गिरणीवाल्याची थोरली. ते खरंच होतं. घर दोन खोल्यांचं, त्यात दिवसभर गिरणीचा धडधडाट, म्हणून पोर पुस्तकं घेऊन तिकडं जायची, एकटी. देव आला, गर्दी झाली, तिचं जाणं थांबलं. झालं, सगळं जुळलं. वडाची साल पिंपळाला लावतात म्हणतात, ती इतकी घट्ट बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी टाकी घातली होती ती शाळेच्या खिडकीतून रोज दिसायची म्हणून. त्या पोरीला मी तिथं कधी बघितलंही नव्हतं.

ती माझीच जुनी विद्यार्थिनी. दुपारच्या सुट्टीत शाळेच्या मागच्या बाजूनं आली. तोंड सुकलेलं. म्हणाली, "बाई, बाबांनी कॉलेज बंद केलंय. रविवारी पावणे बघायला येणारेत. मला पेपर द्यायचे होते हो." अठरा नुकतीच पूर्ण झालेली. तिला नर्सिंगला जायचं होतं, हे मला आठवीपासून माहीत. मी तिला सांगितलं, मी बोलते तुझ्या बाबांशी, तू घाबरू नकोस. अशी मोठी शहाणी मी.

गिरणीत गेले. तिच्या वडिलांनी माझ्यासाठी मशीन बंद केलं, हात झटकले, स्टूल दिलं. मी सांगितलं की ही सगळी कल्पना आहे, असं काही घडलेलं नाही, लेखक मनानं रचतात. ते मान खाली घालून ऐकत होते. मग अगदी हळू म्हणाले, "बाई, तुमी शिकलेलं मानूस. आमच्या पोरांला खरं बोलाय शिकवता. मग तुमी छापून खोटं कशाला लिहाल?"

माझ्याबद्दलचा त्यांचा आदरच त्या पोरीचा गळा धरून बसला होता.

मग मी जे जे केलं ते ते उलटंच पडत गेलं. गावाच्या ग्रुपवर लिहिलं की कादंबरी पूर्ण काल्पनिक आहे. लोक म्हणाले, बघा, बाई घाबरल्या. प्रकाशकाला फोन केला, तर तो म्हणाला की चर्चा चांगलीच आहे, होऊ द्या. असा राग आला की फोन भिंतीवर आपटावा. मुख्याध्यापकांनी कानावर हात ठेवले. मी घरोघर जाऊन पुस्तकं परत मागायला लागले, तशा बाया ती डब्याच्या तळाशी लपवायला लागल्या. पोरीच्या आईला भेटले, तर ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, वहिनी, तुमी आनखी हात लावू नका, हाय ते बास. शेवटी देवळात जाऊन खंडोबालाच म्हटलं, तू सांग की बाबा. पण तो तरी काय सांगणार? तो तेव्हा नळदुर्गात.

आणि तिथंच, भंडारा कपाळाला लावता लावता, मला सुचलं. माझं माहेर नळदुर्ग.

रविवारी सकाळी, पावणे यायच्या आधी, मी गिरणीवाल्याच्या घरी गेले. एकटी जायचा धीर होईना म्हणून मिस्टरांना बरोबर घेतलं. त्यांना एवढंच सांगितलं होतं की शेवटचं समजावून बघू. सतरंजी अंथरलेली होती, पोहे भिजवलेले होते. पोर आतल्या दाराशी साडी नेसून उभी, डोळे सुजलेले. मी उभ्या उभ्याच बोलले.

"ती तुमची पोरगी नव्हं, दादा. ती मी आहे. देऊळ इथलं नाही, नळदुर्गचं. देव अणदूरला असला की आमच्याकडचं रिकामं असतं. मी अकरावीत होते. पुस्तकात फक्त गाव बदललं आणि टाकी घातली."

तिच्या वडिलांनी माझ्याकडं बघितलंच नाही, त्यांनी माझ्या मिस्टरांकडं बघितलं. इतके दिवस घसा फोडून खरं सांगितलं ते पटलं नाही, आणि हे खोटं त्यांना एका दमात पटलं. मग ते बाहेर गेले आणि पावण्यांना फोन लावला.

पोर पेपरला बसली. आता सोलापूरला नर्सिंगला आहे. जायच्या आधी पाया पडायला आली आणि गळ्यात पडून म्हणाली, "बाई, तुमच्या मनात एवढं होतं, कधी कळू दिलं नाही." म्हणजे तिनंही मानलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

गिरणीतल्या बाया आता मला बघून गप्प होतात. ते चालेल. शाळेत कुजबूज होते, तेही सोसते. मिस्टर मात्र त्या रविवारपासून मला शाळेत सोडताना गाडीवर बोलत नाहीत, जेवताना ताटाकडं बघतात. मी त्यांना त्याच दिवशी सगळं सांगितलं, की त्या पोरीसाठी खोटं बोलले. ते "बरं" म्हणाले. महिनाभरानं चहा पिता पिता म्हणाले, "नाव नको सांगू. अजून नळदुर्गातच असतो का, एवढंच सांग."

मी शपथा घेतल्या, रडले, भांडले. कुणी नव्हतं हो. अकरावीत मी कॉलेजला जायची ती मान खाली घालून आणि यायची ती मान खाली घालून. कुणी अर्धा पेरू दिला नाही, मी कुणाकडं मान वर करून बघितलं नाही. बारावी झाली, तुमचं स्थळ आलं, डी.एड. तुमच्या घरी येऊन केलं. तसलं काहीच वाट्याला आलं नाही, म्हणून तर बसून लिहिलं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि चप्पल घालून बाहेर गेले. आता अख्ख्या गावाला तो ठाऊक आहे, माझ्या नवऱ्यालाही. मला तो कधी भेटलाच नाही.