वेग मी वाढवला, तापली कुंदाची मशीन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सासरी एक आत्याबाई होत्या, त्यांच्या अंगात यायचं. सगळे हात जोडून बसायचे, आणि मी आत पोळ्या लाटत हसायची. तुमच्या अंकातल्या ह्या सदरातले अनुभवही मी शेंगदाणे खातखात वाचते. पण माझ्या बाबतीत जे झालं ते ना चिंचेखाली झालं, ना अमावस्येला. ते झालं अकोल्यात, गोरक्षण रोडवरच्या आमच्या घरात, दिवसाउजेडी, कॉम्प्युटरसमोर... आणि त्याचे आकडे मी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलेले आहेत.

कॉम्प्युटर मी पन्नाशीत शिकले, आपलं आपणच. आमचे हे कृषी सहायक म्हणून रिटायर झाले, घरी बसून कंटाळायचे. म्हणून मी एक वेबसाइट काढली. शेतकऱ्यांनी कपाशीच्या पानाचा, बोंडाचा फोटो टाकायचा, ह्यांनी काय फवारायचं, काय नाही ते सांगायचं. बोंडअळीची ती वर्षं. बार्शीटाकळी, मूर्तिजापूर, कुठून कुठून फोटो यायचे. साइट जड झाली तशी मी मुंबईच्या एका कंपनीकडून डेडिकेटेड सर्व्हर घेतला, म्हणजे एक आख्खी मशीन आपल्या एकटीसाठी भाड्याने. मशीन तिकडे, मी इकडे. कधी पाहिली नाही, पण लोकांना ‘माझी मशीन’ असंच सांगायची.

आता कुंदा. कुंदा माझी धाकटी जाऊ, अमरावतीला साईनगरात राहते. एका दिवाळीत माझ्याच शेजारी स्टूल टाकून बसली, सगळं विचारून घेतलं, आणि वर्षभरात तिने स्वतःची तशीच साइट काढली. तिचा सर्व्हर हैदराबादच्या दुसऱ्या कंपनीचा. मी म्हटलं, करू दे, आपलीच आहे. तोंडाने म्हटलं.

तिची साइट झटकन उघडायची. माझी सकाळी दहानंतर, सगळे शेतात जाऊन फोटो टाकायला लागले, की रांगत चालायची. लोक तिकडे जायला लागले, तेही मी सोसलं. पण एक दिवस चहा घेऊन गेले तर आमचे हेच तिच्या साइटवर उत्तरं लिहीत बसलेले!

"हे काय हो?"

"अवं, तिची उघडते लवकर. तुह्यावाल्या साइटवर एक फोटो दिसेपर्यंत अळी बोंड खाऊन मोकळी होते."

आणि हसले. मला ते हसू आजही आठवतं... चहा मी तसाच आत नेला.

कुंदाला एक फोन करून "तुझी एवढी जलद कशी गं?" असं विचारता आलं असतं. पण मी मोठी जाऊ. लग्नानंतर तिला चुलीवरची भाकरी टाकायला मी शिकवलं, वेबसाइट मी शिकवली. मोठीने धाकटीला विचारायचं नसतं, हे आमच्या घरात कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. म्हणून मी दुसरा रस्ता धरला — ओव्हरक्लॉक. प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, कंपनीने ठरवलेल्या वेगाने चालतो. सेटिंगमध्ये जाऊन त्याला आणखी पळायला लावता येतं. पळतो, पण तापतो. फार तापला तर मशीन बंद पडते, कधी जळतेही.

मुंबईच्या सपोर्टवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या मॉडेलला करता येतं. पण काही झालं तर कंपनी जबाबदार नाही."

ह्यांना विचारलं. "भाड्याची वस्तू हाये. भाड्याच्या घरात भिंती पाडतेस काय? काहून तिच्या जिवावर उठली?"

आठ दिवस करू की नको, करू की नको चाललं. नवव्या दिवशी, मंगळवारी, हे कुंदाला फोनवर म्हणाले, "तुह्यं बाकी चांगलं चालू हाये, कुंदा." मी उठले ती थेट कॉम्प्युटरवर. अकरा वाजून वीस मिनिटांनी ३.६ गिगाहर्ट्झचा वेग ४.२ केला आणि मशीन पुन्हा सुरू केली.

साइट पळायला लागली. मी तापमानावर डोळा ठेवून. आधी होतं बावन्न डिग्री. पंधरा मिनिटं... बावन्न. तासाभराने... बावन्नच. मी खूश, म्हटलं मशीनच गुणी आहे.

एक वाजता कुंदाचा फोन. "ताई, माही मशीन तापून राहिली. मोबाइलवर मेसेजवर मेसेज येऊन राहिले. पंख्याचं काही असन का?"

"कधीपासून?"

"साडेअकराच्या जरासक आधी सुरू झालं."

मी म्हटलं, उन्हाळ्याचं असेल. तेव्हा ऑक्टोबर चालू होता.

बुधवारी सकाळी मी वेग ४.४ केला. कुंदाचा फोन दहा मिनिटांत: "ताई, आज तर कालच्याहून जास्त." माझी मशीन बावन्नवर ढिम्म. मग मी मुद्दाम वेग खाली आणला, मूळचा केला, आणि जरा वेळाने मीच फोन लावला.

"आता कशी आहे गं?"

"थंड झाली न आत्ताच. तुमाले कसं समजलं?"

दोन कंपन्या, दोन शहरं, मध्ये एक तारसुद्धा नाही. वहीत दोन्हीकडच्या वेळा लिहिल्या, त्या जुळत होत्या.

आता जे सांगायला हा पत्रप्रपंच, ते सांगते. गुरुवारी सकाळी मी वेग पुन्हा वाढवला. सगळं कळल्यावर. स्वतःला म्हटलं, खात्री करून घेऊ, दोनदा झालं म्हणजे योगायोगही असेल. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की मंगळवारपासून आमचे हे माझ्या साइटवर उत्तरं लिहीत होते. बुधवारी मी वेग उतरवला तर दुपारी पुन्हा तिकडे गेले. गुरुवारी मी ४.४ वर ठेवून दिलं आणि फोन बंद करून भाजी निवडत बसले.

शुक्रवारी सकाळी कुंदाची मशीन बंद पडली ती पडलीच. तिच्या कंपनीने उघडून पाहिली. पंखा नीट, खोली थंड, कामाचा लोडही काही नाही, आणि प्रोसेसर मात्र गेलेला. कसा गेला ते त्यांनाही सांगता येईना. दुसरी मशीन मिळायला आठवडा लागणार होता. ऐन बोंडअळीचा आठवडा, आणि तिच्याकडे फोटो टाकणाऱ्यांची सोयच बंद.

शनिवारी ती एसटीने अकोल्याला आली. कापडी पिशवीत साइटची कॉपी असलेली डिस्क, वरून रुमालात बांधलेल्या करंज्या. दारातच म्हणाली, "ताई, तुमच्या मशीनवर मले कोपराभर जागा द्या. लोक वाट पाहून राहिले."

मी तिला पाणी दिलं. ती हातपाय धुवायला गेली तेवढ्यात वेग खाली आणला. मग दोघी शेजारी बसलो. ती माझी साइट आतून बघायला लागली आणि थांबली.

"ताई, तुमच्याइथं फोटो आख्खेच्या आख्खे येतात? अन् इथं आल्यावर मशीन ते बारीक करते?"

"मग?"

"म्हणून थकते न बिचारी. मी ते पाठवणाऱ्याच्या मोबाइलमधीच बारीक करते, मंग पाठवते. दहा ओळींचं काम हाये." तिने टाइप केलं, चहा होईपर्यंत झालंसुद्धा. "तुमी इचारलं असतं तर मी कवाच सांगतलं असतं. मले वाटे तुमाले माहीत असन. तुमाले काय शिकवावं मी?"

मूळच्याच वेगावर, दोघींच्या साइट अंगावर घेऊन, मशीन पळत होती. हे मागे उभे राहून म्हणाले, "आता कशी पळून राहिली!" करंजी माझ्या हातात तशीच.

त्यानंतर मी ओळखीच्या जाणकारांना विचारलं. एक म्हणाला योगायोग, एक म्हणाला तापमान दाखवणारा सेन्सर बिघडला असेल. माझा बिघडला असेल, मान्य. मग तिचा प्रोसेसर कशाने जळला? वेळा कशा जुळल्या? वेग माझ्याकडे आणि आग तिच्याकडे, ही वाट कोणती? मला आजही सांगता येत नाही. पुन्हा करून पाहायची माझी हिंमत नाही.

कुंदाला मी हे सांगितलेलं नाही. तिच्या घरी हा अंक येतो, आणि ती पहिल्यांदा हेच पान उघडते. कुंदा, तो गुरुवार मी जाणूनबुजून केला. दुपारी फोन कर. मी बंद नाही ठेवणार.