वैऱ्याच्या जागी सासू

विहारातल्या बाईंनी पावसाळ्यातल्या वर्षावासात मैत्रीभावना शिकवली, तेव्हा मी मनात म्हणलं, चला, हे तरी फुकटचं औषध! आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जिवाभावाच्या माणसाचं, मग अनोळख्याचं, शेवटी वैऱ्याचं. वैरी हुडकायला मला कुठं जायचंय? घरातच बाजेवर पडलेली. सासू.

लकव्यानं तिची उजवी बाजू गेली, वाचा गेली, अन् माझं उंबऱ्याबाहेर पडणं गेलं. नवरा पुण्याला कंपनीत. नणंद फोनवर रडायची, यायची मात्र न्हाई. विहार पलीकडच्याच गल्लीत, पण तिला एकटं टाकून तिथं जाणंही सुटलं. मग बाजेशेजारीच बसून डोळे मिटायचे. "आत्याबाई सुखी होवोत," म्हणायची अन् दात-ओठ खायची. लग्न झाल्यापासून या बाईनं मला सुखानं घास गिळू दिला न्हाई. कशाचं भलं चिंतू, कप्पाळ!

एका दुपारी तिला ज्वारीच्या पातळ कण्या भरवत होते. तिसऱ्यांदा थुंकली, थेट माझ्या तोंडावर. "कशापायी माझा जीव खाता?" म्हणलं, अन् माझा हात वर गेला. मारलं न्हाई. पण खरं सांगते, मारायचंच होतं.

तिनं डोळे मिटले. हनुवटी गळ्याशी घेतली अन् डावा हात कानावर धरला. घाबरून न्हाई, सवयीनं. सासरे जाऊन दहा वर्षं झाली होती. त्यांचा हात कसा चालायचा, ते नवी नवरी असताना मी डोळ्यांनी बघितलं होतं. जुनी माणसं, चालायचंच, म्हणून सोडून दिलं होतं.

वाडगं तिथंच ठेवून मी मोरीत जाऊन लई रडले. संध्याकाळी डोळे मिटले, तर वैऱ्याच्या जागी सासू येईचना. मीच यायची, हात उगारलेली. त्या बाईचं, माझंच, भलं चिंतायला जीभ उचलेना.

विहारातल्या बाई घरी आल्या तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणल्या, "आधी सोताचं चिंतायचं, ही पायरी तुमी रोज गाळत होता ना?" गाळतच होते. माझं कसलं भलं, म्हणायची.

आता तिथूनच सुरू करते. खोली तीच हाय, बाज तीच. तिला हात लावायच्या आधी सांगते, "आत्याबाई, हात वर करते हां. केसच मागं सारायचेत." ती ऐकते, मान हलवते.

अन् मी हात वर केला, की ती अजून डोळे मिटून घेते.